सिस्टर, आधी हे विचारून घ्या

पिंगळीसारख्या गावातली मुलगी एएनएम किंवा जीएनएम होऊन बाहेर पडली की तिच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. एक, गावातलेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जवळपासचे एखादे उपकेंद्र. दुसरी, परभणीतले जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि २०२३ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिसरी, परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरातले खासगी हॉस्पिटल. कुठेही गेले तरी पहिल्या दिवशी औषधांचे कपाट दाखवतात, रजिस्टरे दाखवतात, ड्युटीचा तक्ता हातात देतात. सुई टोचली तर कुठे जायचे, नातेवाईक अंगावर आले तर कोणाला फोन करायचा, रात्री आठला ड्युटी सुटल्यावर गावी कसे पोचायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते हळूहळू कळते, आणि पुष्कळदा नुकसान झाल्यावर कळते.

आपल्याकडे परिचारिकेच्या सोसण्याचे फार कौतुक होते. "सेवा आहे ही, एवढे चालायचेच" असे घरचे म्हणतात, इन्चार्ज म्हणतात, हळूहळू ती स्वतःही म्हणू लागते. मला हे पटत नाही. या कामातला काही त्रास खरोखर कामाचाच भाग आहे: रात्रपाळी आहे, रक्त-लघवी आहे, डोळ्यांसमोरचे मृत्यू आहेत. पण बराचसा त्रास असा आहे, की त्यासाठी नियम आधीच लिहिलेले आहेत आणि पद्धत ठरलेली आहे. तो सेवेच्या नावाखाली सोसत बसू नये. म्हणून हा लेख नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी आहे. ज्यांची दहा-बारा वर्षे झाली आहेत त्यांनीही एकदा ताडून पाहावे.

सुई टोचली तर

सुरुवात इथूनच करतो, कारण यात तासांचा हिशेब असतो. रुग्णाला इंजेक्शन दिले, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हाक आली, आणि घाईत सुईला टोपण परत लावताना ती बोटात गेली. असे बहुतेक वॉर्डांत घडते आणि बहुतेक वेळा लपवले जाते. नवी मुलगी घाबरते, आपल्याला वेंधळी म्हणतील असे तिला वाटते, ती बोट दाबून रक्त काढते, स्पिरिट लावते आणि गप्प बसते.

बोट दाबू नका, तोंडात घालू नका, ब्लीचही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. रक्त डोळ्यांत उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळे धुवा. मग लगेच इन्चार्ज सिस्टर आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा आणि अपघाताची लेखी नोंद करा. सुई कोणत्या रुग्णाची होती, पोकळ होती की भरीव, किती खोल गेली, तुमच्या हातात मोजे होते का, हे सगळे त्या नोंदीत हवे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हायला हवीत. ७२ तास उलटून गेल्यावर ती सुरू करण्यात अर्थ नसतो. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि तो मध्येच सोडायचा नसतो. पिंगळीच्या आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या छोट्या दवाखान्यात असाल तर ड्युटी संपेपर्यंत वाट पाहू नका, लगेच परभणीच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्राची वाट धरा. रात्र असेल तर तिथल्या अपघात विभागात जा.

खरी भीती मात्र एचआयव्हीपेक्षा हेपॅटायटिस बीची असायला हवी. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन इतकी असते. हेपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस घेतलेली नसेल तर, ती शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. आणि या आजारावर लस आहे. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कॉलेजात पहिले दोन घेतले आणि तिसऱ्याच्या वेळी परीक्षा आली, अशी गत पुष्कळ जणींची असते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही हेही पाहता येते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, आणि रुजू होताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे, ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सरकारी असो वा खासगी, "माझी लस आणि माझी वार्षिक तपासणी कधी?" हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

सुईला टोपण परत लावायचे नाही, हे सगळ्या जणी शिकलेल्या असतात. तरी लावतात, कारण नीडल कटर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असतो किंवा बंद पडलेला असतो. म्हणून चूक बोटात नाही, कटरच्या जागेत शोधायची. ट्रॉलीवरच कटर आणि धारदार वस्तूंचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा हवा, आणि तो तीन चतुर्थांश भरला की बदलायला हवा. मावशींना सुया टोचतात त्या बहुधा आपण चुकून लाल किंवा पिवळ्या पिशवीत टाकलेल्या असतात. त्यांच्या हातात तर आपल्यासारखे मोजेही नेहमी नसतात.

ओव्हर आणि औषध

सरकारी रुग्णालयांत साधारणपणे मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. खासगीत सरसकट बारा-बारा तास. ड्युटी कितीही असो, सगळ्यांत जास्त चुका ड्युटी बदलण्याच्या त्या पंधरा मिनिटांत होतात. जाणारीला गाडी पकडायची असते, येणारीने अजून ॲप्रनही घातलेला नसतो. ओव्हर टेबलाशी बसून घेऊ नका. खाटेपाशी जाऊन घ्या. सलाईनची बाटली, ती किती बाकी आहे, कॅन्युलाची जागा सुजली आहे का, कॅथेटरच्या पिशवीत लघवी किती, ऑक्सिजन किती लिटरवर, हे डोळ्यांनी पाहा. सात रुग्ण स्थिर असतील आणि एक बिघडत असेल, तर आठव्यापाशी जास्त वेळ थांबा. आणि "पेशंट ठीक आहे" एवढ्यावर कधीच समाधान मानू नका. रक्तदाब किती आणि शेवटचा कितीला घेतला, हे विचारा.

औषधांत तीन ठिकाणी हात थांबला पाहिजे.

पहिले इन्सुलिन. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची वायल बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते, ग्लार्जिनसारखी काही १०० युनिटची. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० युनिटच्या वायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात. पहाटे तीनला अपुऱ्या उजेडात ही चूक सहज होते, आणि रक्तातील साखर उतरलेला रुग्ण झोपेतच बेशुद्ध होतो. वायलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही पाहिल्याशिवाय भरू नका. नवी असाल तर दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच द्या.

दुसरे पोटॅशियम क्लोराइड. हे सलाईनमध्ये मिसळूनच, सावकाश जाते. थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडते. त्याचे अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्याशेजारी ठेवलेले दिसले तर त्याच क्षणी तिथून हलवा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका, नंतर इन्चार्जना सांगा.

तिसरे मॅग्नेशियम सल्फेट. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे. गरोदर बाईला झटके येत आहेत, रक्तदाब वाढलेला आहे, डॉक्टर वाटेत आहेत आणि १०८ ला फोन लागला आहे. अशा वेळी पहिला डोस देऊनच तिला पुढे पाठवायचे असते. ५० टक्क्यांच्या दोन मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम औषध असते. प्रत्येक कुल्ल्यात खोल स्नायूत पाच ग्रॅम, म्हणजे एकूण दहा अँप्युल. ती दहा अँप्युल, दोन मोठ्या सिरिंजा, लांब सुया आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, हे सगळे एकाच डब्यात एकत्र असावे. झटके सुरू झाल्यावर कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या डब्यातल्या औषधांची मुदत तपासा.

पावसाळ्यात परभणीच्या शिवारात सोयाबीन-कापसाची कामे सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात, तेव्हाही अशीच तयारी लागते. रक्त गोठते का हे पाहण्याची वीस मिनिटांची चाचणी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीतच करायची. डिटर्जंटने धुतलेल्या नळीत केली तर निकाल फसवा येतो. प्रतिविष सुरू करण्यापूर्वी ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचे, आणि पहिली काही मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नाही.

फोनवर सांगितलेली ऑर्डर घ्यावीच लागते. घ्या. पण लिहून घ्या, तीच डॉक्टरांना वाचून दाखवा, वेळ टाका, आणि सकाळी राउंडला सही घ्या. एखादे डॉक्टर चिडतील. चिडू द्या.

कागद तुमच्या बाजूने बोलतो

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. त्यांतली सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. नगरला तर एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांनाही अटक झाली. इमारतीतली वायरिंग कोणी केली, अग्निसुरक्षेची तपासणी कधी झाली, निधी कुठे अडला, हे प्रश्न सावकाश पुढे येतात. ड्युटीच्या तक्त्यावरची नावे मात्र पहिल्या तासात सापडतात. हा अन्याय आहे, आणि संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पण ज्या वॉर्डात तुम्ही उद्या रात्री एकट्या असणार आहात, तिथे तुमचे रक्षण करणारी पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही आधी दिलेले पत्र.

प्लगमधून ठिणगी उडते, वॉर्मर जास्त तापतो, अग्निशामक नळकांड्याची मुदत उलटली आहे, ४० रुग्णांमागे आपण एकच आहोत. जे असेल ते साध्या मराठीत, तारीख-वेळ टाकून, अधिसेविकांच्या नावे लिहा. दोन प्रती काढा, एका प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि ती प्रत घरी ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे कळवले, असे समजू नका. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी स्वतः हात लावून पाहा: नळकांड्याची पिन कशी निघते, आणि आपल्या वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे. तो कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा हेही विचारून ठेवा.

नोंदींच्या बाबतीतही तेच. "डॉक्टरांना कळवले" असे लिहू नका. "रात्री २.१० वाजता रक्तदाब ८०/५०, नाडी १२८, डॉक्टरांना (नाव) फोनवर कळवले, त्यांनी सलाईन वाढवण्यास सांगितले, २.१५ ला वाढवले" असे लिहा. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून वर बरोबर लिहा, शेजारी सही करा. व्हाइटनर नको, गिरवणे नको. सहा वाजताचे टीपीआर पाच वाजताच भरून ठेवण्याची सवय काही वॉर्डांत असते. त्या एका तासात रुग्ण गेला, तर तुमचे सगळेच लिखाण खोटे ठरते.

माणसे कमी असतात, त्याचे काय

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते, की अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. हे वाचून कुठल्याही सरकारी वॉर्डातली सिस्टर काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती, तेव्हा औषधे आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याची चर्चा राज्यभर झाली. परभणी-हिंगोलीचे गंभीर रुग्णही नांदेडलाच पाठवले जातात. परिचारिकांची पदे बाह्य यंत्रणेमार्फत भरू नयेत, म्हणून मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावरही गेल्या होत्या.

हा प्रश्न एकट्या सिस्टरने जास्त धावून सुटणारा नाही, आणि तो तसा सुटेल असे तिने मानूही नये. माणसे कमी असतील त्या दिवशी कामाचा क्रम ठरवा: श्वास, रक्तस्राव, वेळेची औषधे आणि बिघडणारा रुग्ण आधी, चादरी, इंडेंट आणि ऑनलाइन माहिती भरणे नंतर. त्या दिवशी रुग्ण किती आणि परिचारिका किती, हे रिपोर्ट बुकात पहिल्या ओळीत लिहा. रोज लिहिलेली ती ओळ सहा महिन्यांनी पदे मागताना पुरावा म्हणून उभी राहते. संघटनेची सभासद व्हा, आणि नुसती वर्गणी देऊन थांबू नका.

हात उगारला तर

अतिदक्षता विभागाबाहेर वीस-पंचवीस माणसे जमली आहेत, आत रुग्ण गेला आहे, डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात आहेत. अशा वेळी मृत्यूची बातमी सिस्टरने एकटीने देऊ नये. डॉक्टरांना बोलवा, नातेवाइकांपैकी दोन जाणती माणसे बाजूला घ्या, त्यांना बसायला सांगा. स्वतः दाराजवळ उभ्या राहा, पाठीमागे भिंत किंवा खाट नको. आवाज चढलेल्या माणसाशी आवाज चढवून बोलू नका आणि नियमही सांगत बसू नका. "तुमचा माणूस आहे, तुम्हाला राग येणारच, डॉक्टर येऊन सगळे सांगतील" एवढे बोलणे पुष्कळदा पुरते. पुरले नाही तर ट्रे तिथेच ठेवून बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा. हिरोगिरीची तिथे गरज नाही.

महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, मालमत्तेचे नुकसान झाले तर दुप्पट भरपाई द्यावी लागते. नोंदणीकृत परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी, दोघी त्यात येतात, आणि खासगी रुग्णालयेही येतात. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरची हत्या झाल्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य विभागाने सरकारी रुग्णालयांना कळवले, की हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची राहील. म्हणजे मार खाल्लेल्या सिस्टरने एकटीने पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून राहायचे नाही. "फिर्याद संस्थेने द्यावी" अशी लेखी मागणी करा, जखमांची नोंद केसपेपरवर करून घ्या, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्यासही लेखीच सांगा.

लैंगिक छळाबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण तो करणारा पुष्कळदा आतलाच असतो. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिथे एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. ती पुन्हा कधीच उठली नाही. १८ मे २०१५ ला ती गेली, तोपर्यंतची चार दशके केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. आज तुमच्या रुग्णालयात कपडे बदलायला आतून कडी लागणारी, उजेडाची खोली आहे का? नसेल तर ती मागताना ओशाळू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली असायला हवीत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, अशा छोट्या दवाखान्यांतल्या सिस्टरांसाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती असते.

पगार, कागदपत्रे आणि गावी परतणे

खासगीत रुजू होताना नेमणूकपत्राशिवाय एकही दिवस काम करू नका. मूळ प्रमाणपत्रे दाखवा, ताब्यात देऊ नका. साक्षांकित प्रती पुरतात. "राहू दे आमच्याकडे, सुरक्षित राहील" असे कोणी म्हणाले तर नोकरी सोडताना काय होणार, ते तेव्हाच ओळखा. पगार बँकेतच घ्या. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर कर्मचारी विमा योजना लागू होते, वीस किंवा अधिक असतील तर भविष्यनिर्वाह निधी. आधीच्या वर्षात ८० दिवस काम झाले असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते.

पगार किती असावा, याचेही एक मोजमाप आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेइतका पगार असावा. १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी महिना २० हजारांच्या खाली नाही. ही शिफारस आहे, तिची अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, आणि लहान शहरांत ती क्वचितच दिसते. तरी मुलाखतीत हा आकडा माहीत असलेली मुलगी आणि माहीत नसलेली मुलगी यांच्या बोलण्यात फरक पडतोच. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, ती तारीख मोबाइलात घालून ठेवा.

परभणीत नोकरी आणि पिंगळीत घर असेल, तर खरा प्रश्न इव्हिनिंगचा. रात्री आठला ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ होतात. गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर अनोळखी वाहनाला हात करावा लागतो. ड्युटीचा तक्ता लागण्यापूर्वीच इन्चार्जना सांगा, की तुम्हाला सलग मॉर्निंग किंवा सलग नाईट सोयीची पडेल. जमत नसेल तर एकाच मार्गावरच्या दोघींची इव्हिनिंग एकत्र लावून मागा. रात्री आठला सुटून सकाळी आठला परत हजर, ही जोडी तर शक्य तिथे नाकाराच. त्यात झोप होत नाही आणि चुका होतात.

शरीराबद्दल थोडक्यात. मे महिन्यात परभणीत पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि ड्युटीवर स्वच्छतागृहात जायला सवड मिळत नाही म्हणून पुष्कळ सिस्टर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, पुढे मुतखडाही. दर दोन तासांनी दहा मिनिटे एकमेकींचे रुग्ण सांभाळून सुटी घ्या. जड रुग्णाला काखेत हात घालून ओढू नका, त्याच्याखाली दुमडलेली चादर घालून दोघींनी मिळून सरकवा. नाईट करून आल्यावर आधी झोपा, धुणे-भांडी नंतर. आणि हे वाक्य तुमच्यापेक्षा तुमच्या सासरच्यांनी वाचायला हवे. रात्रभर उभी राहून सकाळी घरी आलेल्या बाईने लगेच चुलीपुढे उभे राहावे, ही अपेक्षा क्रूर आहे.

एखादे बाळ हातात गेले, की पुढचे कितीतरी दिवस त्याच वॉर्मरकडे बघवत नाही. यात कमकुवतपणा काही नाही. ड्युटीवरच्या सहकाऱ्यांशी त्याच दिवशी बोला. झोप उडाली, रडू थांबेना, कामावर जावेसेच वाटेना, असे झाले तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

आता पिंगळी आणि पंचक्रोशीतल्या गावकऱ्यांशी दोन शब्द. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडा निधी असतो आणि तिच्यात लोकप्रतिनिधी बसतात. तुमच्या मुलीचे, सुनेचे बाळंतपण रात्री दोनला करणारी सिस्टर जिथे राहते, त्या क्वार्टरला पाणी आहे का, केंद्राबाहेरचा दिवा लागतो का, दाराला धड कडी आहे का, लेबर रूममध्ये वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालतो का, हे जाऊन पाहा. जे नसेल ते समितीच्या पुढच्या बैठकीत आणि ग्रामसभेत मांडा, ठराव लिहून घ्या. आणि रुग्णाबरोबर येताना पंधरा जण न येता दोघेच या.

सिस्टर, तुमच्याकडे एकच मागणे. हेपॅटायटिस बीचा तिसरा डोस राहिला असेल तर तो याच आठवड्यात घ्या.